ओढ्याने उतरलो आणि अडकलो: तोरणा-राजगड धारेवरचं एक सोलो प्रकरण

हे प्रकरण माझंच आहे, गेल्या डिसेंबरातल्या दुसऱ्या वीकेंडचं. लिहायला उशीर झाला कारण आधी मला वाटत होतं की चूक एकच झाली, संध्याकाळी वाट चुकली, विषय संपला. तीन आठवड्यांनी त्याच जागी परत गेलो आणि वरून खाली बघितलं तेव्हा कळलं की वाट चुकणं हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग होता. पुण्यातून एकटे ट्रेकला जाणारे आता बरेच झालेत, त्यांच्यापैकी कुणालातरी हे क्रमाने आणि नीट कळावं म्हणून सगळं लिहितोय, काही न लपवता.

मी ३६ वर्षांचा, राहायला कोथरूडला, बारा-तेरा वर्षं ट्रेक करतोय. तोरणा-राजगड ही धार, म्हणजे दोन गडांना जोडणारा अरुंद डोंगरमाथा, ग्रुपबरोबर दोनदा झालेली, एकटा पहिल्यांदाच. प्लॅन असा होता की शनिवारी स्वारगेटहून पहिली एसटी पकडून वेल्हे, तिथून तोरणा, मग बुधला माचीवरून (माची म्हणजे गडाची पुढे आलेली सपाटी) उतरून धारेने चालत वेल्हे-भुतोंडे रस्ता जिथे धार ओलांडतो त्या खिंडीपर्यंत यायचं, तिथल्या धनगराच्या घराजवळ त्यांना विचारून तंबू लावायचा, आणि रविवारी संजीवनी माचीच्या बाजूने राजगड चढून गुंजवण्यात उतरायचं. गडावर तंबू लावायचा नाही हे आधीच ठरवलं होतं. राजगड २०२५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे ते एक झालंच, पण त्याआधीही महाराजांच्या राजधानीच्या ठिकाणी आपण खुंट्या ठोकाव्यात हे मला कधीच पटलेलं नाही.

निघायच्या आदल्या रात्री मी एक कागद ताईला दिला. ती सिंहगड रोडला राहते. मी फोटो पाठवला असता तरी चाललं असतं, पण तिने कागदच मागितला, फ्रिजवर लावते म्हणाली. त्यावर वाट, मुक्कामाची जागा, तंबूचा रंग निळा, सॅक राखाडी, रेनकव्हर भगवं, बुटांचा नंबर, वेल्ह्यात जिथे नाश्ता करणार त्या खानावळीचा नंबर, आणि दोन वेळा: शनिवारी रात्री ८ पर्यंत मेसेज, तो नाही आला तर खानावळीला फोन करून खिंडीत निळा तंबू आलाय का एवढंच विचारायचं, रविवारी सकाळी १० पर्यंतही काही कळलं नाही तर ११२ ला फोन आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन. हा कागद पुढे महत्त्वाचा आहे.

आता शनिवार. पहिली एसटी चुकली. दुसरी मिळून वेल्ह्यात पोचेपर्यंत दीड तास उशीर झाला होता, आणि तो उशीर दिवसभर माझ्या डोक्यावर बसला. तोरणा १४०३ मीटर, वेल्ह्यातून सहा-सातशे मीटरची चढाई आहे, पाठीवर १३ किलो. चालायच्या वेळेचा जुना हिशोब आहे, नेस्मिथचा, १८९२ सालचा, तासाला ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. स्कॉटलंडच्या डोंगरांसाठी ठीक असेल, आपल्याकडे घसारा (पायाखालून सरकणारी माती-मुरूम), कातळटप्पे आणि डिसेंबरातही दुपारचं ऊन धरलं तर मी त्याच्या दीडपट वेळ धरतो. त्या दिवशी धरला नाही. म्हणजे हिशोब मनात केला होता, पण उशीर भरून निघावा म्हणून मुद्दाम कमी धरला.

तोरण्यावर मेंगाईच्या मंदिराशी पोचलो तेव्हा टाक्यावर एका मोठ्या ग्रुपची बाटल्या भरायला रांग लागलेली. माझ्याकडे तीनपैकी पावणेदोन लिटर उरलं होतं. म्हणलं चालेल, संध्याकाळी खिंडीत मिळेलच, आणि न थांबता बुधल्याकडे निघालो. दहा मिनिटं वाचली. बुधला माचीवरून उतरताना मात्र ती दहा मिनिटं गेली आणि वर अजून चाळीस गेली, कारण तिथला घसारा पाठीवर ओझं घेऊन एकट्याने उतरताना प्रत्येक पाऊल टेकवून बघावं लागतं, वाळलेलं गवत बुटाखाली तेलासारखं सरकतं.

धारेवर लागलो तेव्हा चार वाजून गेले होते. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, आणि धारेच्या सावलीच्या बाजूला असलात तर त्याच्या अर्धा तास आधीच संपतो. एका टेपाडाशी वाट फुटली. एक वाट टेपाडावर चढत होती, बारीक, गवतात बुडालेली. दुसरी उजवीकडे भुतोंड्याच्या बाजूने आडवी जात होती, रुंद, छान मळलेली. मी मळलेली घेतली. वाटलं टेपाडाला वळसा मारून पुढे परत धारेवर येईल, तशा वाटा असतातही. ती ढोरवाट होती. ढोरवाटेची खूण मला माहीत आहे, शेणाच्या वाळलेल्या पोवट्या, खुरांचे ठसे, आणि कारवीच्या झुडपांखालून जाणारी पण माणसाच्या छातीला फांद्या लागणारी वाट. तिन्ही खुणा समोर होत्या. दिसत होत्या, पण मी बघत नव्हतो, मी घड्याळ बघत होतो.

पस्तीस मिनिटांनी वाट कारवीत विरून गेली. पाच वाजून दहा मिनिटं. खाली एका वाडीचे पत्रे चमकताना दिसत होते, इतके जवळ की हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटावं. आणि माझ्या शेजारून एका कोरड्या ओढ्याची घळ सरळ त्या दिशेने उतरत होती.

इथे मी थांबतो जरा, कारण अख्खं प्रकरण इथे आहे.

लहानपणापासून ऐकलेलं असतं की रानात वाट चुकली तर पाण्याच्या वाटेने खाली उतरायचं, गाव लागतंच. मला वाटतं हा सल्ला सपाट मुलखातला किंवा मातीच्या टेकड्यांचा असावा. सह्याद्रीत तो माणसाला मारू शकतो, आणि त्याचं कारण दगडात आहे. आपला हा सगळा डोंगर साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, एकावर एक ओतलेल्या थरांचा. त्यातला घट्ट बेसॉल्टचा थर सहजी झिजत नाही, तो उभा तुटतो, तोच आपला कडा. दोन घट्ट थरांच्या मधला जो मऊ, भोकाभोकांचा किंवा लाल मातीचा थर असतो तो झिजून उताराचा होतो, त्यावर माती साठते, गवत आणि झाडी वाढते. म्हणून लांबून सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. डेक्कन ट्रॅपमधला ट्रॅप हा शब्दच मुळात स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलाय. आता पावसाचं पाणी या जिन्यावरून खाली जाताना काय करतं, प्रत्येक पायरीवरून उडी मारतं. म्हणजे ज्याला आपण ओढ्याची वाट म्हणतो ती खरं तर एकाखाली एक धबधब्यांची रांग आहे, डिसेंबरात कोरडी पडल्यामुळे वाटेसारखी दिसते एवढंच. गावकऱ्यांच्या जुन्या वाटा बघा, त्या बहुतेक सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या उतरत्या कण्यावरून, उतरतात. नाळेतून, म्हणजे दोन सोंडांमधल्या घळीतून, उतरणाऱ्याही आहेत, पण त्या ठरलेल्या, वापरातल्या आणि माहीत असलेल्या नाळा.

हे सगळं मला त्या दिवशीही माहीत होतं. वाचलेलं होतं, मित्रांना सांगितलेलंही होतं. तरी पाच वाजून दहा मिनिटांनी वाडीचे पत्रे समोर असताना पाय घळीकडेच वळले.

पहिली पायरी चार-पाच फुटांची, बसून घसरत उतरलो. दुसरी नऊ-दहा फुटांची, गुळगुळीत, खाली हात-पाय ठेवायला नीट काही नाही. सॅक पाठीवर ठेवून उतरणं शक्य नव्हतं. मग मी सॅक उतरवली आणि खाली सोडली. ती दोनदा आपटून एका झुडपाला अडकून थांबली. आणि सॅक खाली गेली त्याच क्षणी मला परत वर जायचा पर्याय उरला नाही, कारण पाणी, तंबू, स्लीपिंग बॅग, बॅटरी सगळं खाली होतं. तोपर्यंतची प्रत्येक चूक मागे फिरून दुरुस्त करता आली असती. ही नाही. कुणी मला विचारलं की नेमकी चूक कुठली, तर मी वाटेचा फाटा सांगत नाही, एसटी सांगत नाही, सॅक खाली टाकली ते सांगतो.

उतरताना शेवटचे तीन फूट उडी मारली आणि डावा घोटा मुरगळला. लंगडत सॅकपाशी गेलो आणि झुडपाच्या पलीकडे वाकून बघितलं. पलीकडे काही नव्हतं. खाली झाडांचे शेंडे दिसत होते, त्यांचे बुंधे दिसत नव्हते. झुडूप नसतं तर सॅक तिथून गेली असती.

वर नऊ फूट गुळगुळीत कातळ, खाली कडा, एक घोटा कामातून गेलेला, आणि वेळ पाच चाळीस. मोबाईलला रेंज शून्य. ११२ लावून बघितला, कारण तो फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जाऊ शकतो, पण घळीत कुठलाच टॉवर पोचत नव्हता. बॅटरी ३८ टक्के, पाणी ७०० मिली. मेंगाईच्या टाक्यावर न भरलेली बाटली तेव्हा आठवली.

त्यानंतर मी जे केलं त्यातलं बरंचसं बरोबर केलं असं मला वाटतं, आणि ते बरोबर झालं कारण मी दहा मिनिटं काहीच केलं नाही. सॅकवर बसलो, चार घोट पाणी प्यायलो, एक चिक्की खाल्ली. मग घळीच्या डाव्या हाताला दीड-दोन मीटर रुंद गवताची पट्टी होती तिथे सरकलो. पावसाळ्यात घळीत थांबणं म्हणजे मरण, वर कुठे पाऊस पडला तरी लोंढा येतो, डिसेंबरात तो धोका नव्हता, तरी ओढ्याच्या पोटात झोपायचं नाही एवढं पाळलं. बूट काढला नाही, लेस सैल करून वरूनच क्रेप बँडेज बांधलं, कारण काढला असता तर सुजेमुळे सकाळी परत चढला नसता. तंबू लावायला जागा नव्हती म्हणून त्याचं बाहेरचं कापड अंगाभोवती आणि आत स्लीपिंग बॅग. फोन फ्लाइट मोडवर टाकून तासातून एकदाच उघडायचा. त्यावर जीपीएसचा ठिपका मात्र बरोबर दिसत होता, त्याला रेंज लागत नाही, मी धारेपासून सरळ रेषेत ४०० मीटरवर होतो. ते आकडे कागदावर लिहून घेतले आणि ताईला एसएमएस करून ठेवला, जरा जरी रेंज आली तर जाईल म्हणून. तो कधीच गेला नाही.

सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला शिट्टी असते, अनेकांना ते माहीतही नसतं. डोंगरातली मदतीची खूण म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, परत सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांनी येतं. सात ते आठ वाजवली. उत्तर आलं नाही. खालच्या वाडीत एक दिवा रात्रभर जळत होता आणि तो दिवा बघत बसणं हे थंडीपेक्षा जास्त त्रासाचं होतं, कारण तो जवळ दिसत होता आणि दर तासाला मनात यायचं की बॅटरी लावून हळूच उतरून बघू का. दोनच्या सुमारास वर कुठेतरी भेकर भुंकलं, कुत्र्यासारखंच पण एकेकदा थांबून, बराच वेळ. मी उठलो नाही. अंधारात एक पाऊलही टाकायचं नाही हे मी स्वतःशी मोठ्याने बोलून ठरवलं होतं, आणि मोठ्याने बोललेलं पाळलं जातं असा माझा अनुभव आहे.

इकडे पुण्यात आठ वाजले, मेसेज नाही. ताईने मला नंतर सांगितलं की तिचा हात आधी ११२ कडेच गेला होता, पण कागदावर पहिली पायरी खानावळीची होती म्हणून तिने तिथे फोन केला. खानावळवाल्या काकांनी खिंडीतल्या धनगर मामांना फोन लावला. निळा तंबू आला नव्हता. मग काकांनी तिला विचारलं की अंगावर काय आहे, सॅक कुठल्या रंगाची, आणि तिने फ्रिजवरून वाचून दाखवलं. रात्री धारेवर शोधायला जाणं मामांनाही शक्य नव्हतं, पण पहाटे गुरं त्या अंगाला नेतो म्हणाले.

सकाळी साडेसहाला फटफटल्यावर मी परत शिट्टी सुरू केली. सव्वासातच्या दरम्यान वरून हाळी आली. मी ओरडलो, हाळी थांबली, आणि मग दहा मिनिटं काहीच नाही. मी वर कातळाकडे बघत होतो, दोर कुठून सोडतील, कुठे बांधतील याचा विचार करत. मामा वरून आलेच नाहीत. ते माझ्या पाठीमागच्या कारवीतून, आडवे, कोयत्याने फांद्या बाजूला करत सरळ चालत आले, हातात काठी, खांद्यावर घोंगडी.

"पावनं, हितं कसं काय घुसलाव? आन एकलंच?"

मी म्हणलं मामा, ओढ्याने खाली वाडीत जाऊ म्हणून उतरलो.

"आवं पाण्याची वाट पाण्यालाच जमती. पानी कड्यावरनं पडलं तरी त्याला लागत न्हाई. रातीच फोन आलावता तुमचा, म्हून कान होता हिकडं, न्हाईतर शिट्ट्या काय, पोरं वाजवत्यातच गडावर."

मी रात्रभर ज्या गवताच्या पट्टीवर बसलो होतो ती पट्टी संपत नव्हती. ती मऊ थराची पायरी होती, कड्याच्या पोटातून आडवी जाणारी, आणि कारवीच्या पडद्यामागे तीस फुटांवर तीच ढोरवाट होती जी मी वर सोडली होती, ती खाली वळून इथे आली होती. वर जायचं नव्हतं, खालीही नाही, आडवं जायचं होतं. सगळीकडे असं असेलच असं नाही, कित्येक पट्ट्या पुढे कड्यातच संपतात, आणि मी अंधारात चाचपडत गेलो असतो तर काय झालं असतं सांगता येत नाही, तिथे गवताखाली मध्येच एक भगदाड होतं जे मामांनी काठीने दाखवलं. पण मी वर आणि खाली एवढ्या दोनच दिशा बघत होतो हे खरं.

काठी घेऊन रस्त्यापर्यंत यायला दीड तास लागला. नऊ वाजून दहा मिनिटांनी रेंज आली आणि ताईला फोन केला. ती काही बोलली नाही, नुसतं "हं" म्हणाली आणि फोन भाओजींकडे दिला. घोटा तुटला नव्हता, लिगामेंटला मार होता, डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली.

नंतर सगळ्यांनी एकच सांगितलं, एकटा जाऊच नको. मी यावर बराच विचार केला आणि मला ते अर्धंच पटतं. चार जण असतो तरी मळलेली वाट बघून चौघंही तिकडेच वळलो असतो, ग्रुपमध्ये तर कुणी पुढे गेलं की बाकीचे बघतही नाहीत. फरक पडला असता तो दुसऱ्या पायरीवर, कुणीतरी वर थांबलं असतं. एकट्याला वर थांबणारं कुणी नसतं, म्हणून एकट्याने जिथून परत चढता येणार नाही तिथे उतरायचंच नाही, आणि सॅक आधी खाली सोडायची नाही, वाडी कितीही जवळ दिसली तरी. आणि चारला धारेवर लागलो तेव्हा तिथेच सपाट जागा होती, बुधल्याच्या खाली, तिथे तंबू टाकून सकाळी उरलेली धार करता आली असती. पाणी कमी होतं म्हणून ते सुचलंच नाही. टाक्यावरची दहा मिनिटं इथपर्यंत येऊन पोचली होती.

जानेवारीच्या सुरुवातीला घोटा सुटल्यावर मी मामांकडे गेलो. ताईने त्यांच्यासाठी स्वेटर आणि मामींसाठी तिळाच्या वड्या दिल्या होत्या. चहा झाल्यावर आम्ही दोघं दोर घेऊन घळीतल्या त्या पट्टीशी गेलो, मामांच्या वाटेने, आणि त्या झुडपाशेजारून दगड बांधून दोर खाली सोडला. ६० फूट दोर संपला तरी दगड टेकला नाही. मामा म्हणाले इथून त्यांचं एक वासरू गेलं होतं, बऱ्याच वर्षांमागे, तेव्हापासून या अंगाला गुरं आणली की ते स्वतः खालच्या बाजूला चालतात.

परत येताना फाट्यावर थांबलो. टेपाडावरची खरी वाट गवतात तशीच बुडालेली. मामांनी कोयत्याने कारवीचे आठ-दहा वाळके दांडे तोडले आणि ढोरवाटेच्या तोंडावर आडवे टाकले, मी वर दोन दगड ठेवले. गुरं आली की हलणारच ते, म्हणाले, मी परत टाकीन.